भिंत नसलेलं पाणी

समुद्र न पाहिलेल्या लोकांसाठी मी हे लिहितो आहे. पाहिलेल्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण हसायचं झालं तर तोंड फिरवून हसावं. मी या प्रवासात फार घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर हसू नये एवढी तरी रीत पाळायला पाहिजे.

धारूर

बीड जिल्ह्यात धारूरच्या शाळेत मी मराठी शिकवतो. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. पण गाव मला ओळखतं ते शिकवण्यामुळे नाही, आवाजामुळे. आमच्याकडच्या लग्नात माइक धरून आलेल्या पुढाऱ्यांची आणि पाहुण्यांची नावं पुकारायला एक माणूस लागतो. तो माणूस मी. मांडवात कुणाच्या नावाआधी 'मा.' लावायचं आणि कुणाच्या नावाआधी 'सन्माननीय' लावायचं, यावर आमच्या भागात भांडणं होतात. मी कित्येक वर्षं ती होऊ दिलेली नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकं बसवतो, आणि कुणी वारलं की दहाव्याला दोन शब्द बोलतो. घरापासून बसस्टँडपर्यंत जायला मला तासभर लागतो, कारण प्रत्येक दुकानातून कुणीतरी हाक मारतं आणि मी थांबतो. खरं सांगायचं तर हाक मारली नाही तरी थांबतो.

असं सगळं ऐसपैस चाललेलं असताना माझ्या बायकोनं, मंगलनं, समुद्राकाठी राहायला जायचं काढलं.

त्याला कारण झाले शिरीषराव. हे कोकणातले, इथल्या बँकेत होते, आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिले. बदली होऊन गेल्यावरही त्यांचा फोन येई. एकदा त्यांनी आपल्या गावाकडच्या घराचे फोटो पाठवले. खाडीकाठचं छोटं शहर, त्यात त्यांच्या आईचं घर आणि त्याच आवारात मागं आणखी एक छोटं घर, रिकामं. आई, म्हणजे माई, म्हणत होत्या की बंद घर ढासळतं, कुणी साधी माणसं राहिली तर बरं, भाडं नको. मंगलनं बाकीचे फोटो बघितलेच नाहीत. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. आवारातली विहीर, काठोकाठ भरलेली. वर एक नारळ तरंगत होता.

"हिच्यात पोहरा सोडायचा न्हाई," ती म्हणाली. "हात घालून पानी घ्यायचं."

मंगलचं माहेर वडवणीकडचं. लहानपणी आई-बाप ऊसतोडीला गेले की घरचं पाणी तिच्याकडे असे. लग्नानंतर धारूरला आली तर इथं नळ आठवड्यानं. ती तक्रार करणारी नाही. मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "अर्धं आयुष्य पान्याच्या मागं गेलं माझं. उरल्यालं पान्याच्या शेजारी काढायचंय."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी बघून तर या. न्हाई पटलं तर तुमी ऱ्हावा हितं. मी जाते. महिन्या-दोन महिन्याला येत जा भेटायला."

रागानं म्हणाली असती तर मी बिनघोर झोपलो असतो. राग उतरतो. ती मेथी निवडत म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंच्या हॉटेलात ही बातमी माझ्याआधी पोहोचली होती. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहाचं. तिथं बसलेल्यांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला त्याची सविस्तर माहिती होती.

"सर, तितले मासे म्हणं मान्साचे कान खातेत," इस्माईलभाई म्हणाले.

"कावून कानच?" एकानं विचारलं.

"नरम ऱ्हातेत."

"अन् घरात साप असल्याबिगर तितं घर म्हनत न्हाईत," दुसऱ्यानं भर घातली.

सगळे हसले, मीही. मग कोपऱ्यातून निवृत्तीअण्णा बोलले. हे आमच्या गल्लीतले सर्वांत वयस्कर, बोलतात कमी. "लाकडं वल्ली असतेत तितं. मान्साला लौकर जळू देत न्हाईत. अन् खांदा द्यायला कोन हाय वो तुमचं तितं, सर?"

कुणी हसलं नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो. कान खाणारे मासे मी त्याच रात्री विसरलो. अण्णांचा प्रश्न मात्र माझ्यासोबत कोकणात आला.

घाट उतरताना

दिवाळी झाल्यावर निघालो. सोबत बालाघाटातल्या सीताफळांची करंडी, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आमटीला लावायचा येसर मसाला, आणि मंगलच्या आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या तीन गोधड्या. मी म्हटलं, तिथं पांघरूण देतील की. मंगल म्हणाली, "परक्याच्या पांघरुनात झोप येती का?" आणि हीच बाई परक्या गावात मरेपर्यंत राहायला निघाली होती.

बस, पुणं, पुन्हा बस, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सुरू झालं ते शेवटच्या उतारावर. वळणावर झाडी फाटली आणि मला समुद्र दिसला.

मी असं समजत होतो की समुद्र खाली असेल. पाणी खालीच असतं. पण तो वर होता. नारळाच्या शेंड्यांच्याही वर एक निळसर पट्टा आभाळाला टेकून उभा होता, आणि गाव त्याच्या पायथ्याशी बसलं होतं. मी आयुष्यात मोठं पाणी पाहिलं ते धरणाचं. धरणाला भिंत असते, भिंतीला दरवाजे असतात, दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो, आणि हे सगळं बघायला एक सरकारी माणूस नेमलेला असतो.

"याला भिंत कुठाय?" मी विचारलं.

पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मंगलनं तिला करंडीतलं एक सीताफळ काढून दिलं. माझ्याबद्दल तिला माफी मागायची असली की ती खायला देते.

पुढं खाडी आली. रस्ता सरळ पाण्यात गेला आणि संपला. पलीकडून एक लोखंडी तराफा आला, त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून मोटारी, फटफट्या, माणसं, एक म्हैस असं सगळं बाहेर आलं. मग आम्ही आत. फेरीबोट म्हणतात तिला. लोक मोबाइल बघत उभे होते. मी एका अनोळखी माणसाच्या फटफटीचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तो माणूस सभ्य होता, पलीकडचा काठ येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, गाडी सोडा, मला उतरायचंय."

मागचं घर

गावाचं नाव मी लिहीत नाही. माई म्हणाल्या, आधीच पुण्याची गर्दी झालीय, तुम्ही बीडची आणू नका.

माई म्हणजे अंगानं काटकुळ्या, पाठीत किंचित वाकलेल्या, आणि बोलणं इतकं कोरडं की त्या दमट हवेत तेवढी एकच वस्तू कोरडी राहिली असावी. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा मी हात जोडून, जरा मान झुकवून, स्वागताला साजेसं उत्तर तयार ठेवलं होतं. माई म्हणाल्या, "पाय धुवा." आणि आत गेल्या.

घर चांगलं होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढं पोफळी, मागं कमरेइतका दगडी गडगा आणि गडग्यापलीकडे खाडी. विहीर फोटोतल्यासारखीच. मंगल सामान न ठेवताच विहिरीशी गेली, काठावर बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ तशीच बसली होती. मी लांबच उभा राहिलो. बोललो असतो तर तिनं हात काढला असता.

जेवायला माशाचं कालवण, भात, सोलकढी. मंगल पहिल्यांदाच समुद्राचा मासा खात होती. काटे तिनं असे काढले जणू मेथीच निवडतेय. मी प्रत्येक घास घशाशी थांबवून तपासत होतो.

"सर, काटा नाही त्यात," माई म्हणाल्या.

"नाही, चव घेतोय."

"घ्या. उद्यापर्यंत होईल घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. मंगलनं घरातलं सगळं भरून ठेवलं होतं. बादल्या, पातेली, कळशा, कुकर, परात, माझा पाण्याचा प्रवासी तांब्या, दोन वाट्या. पाय ठेवायला जागा नव्हती. माई दूध घेऊन आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

"कुणाचं लग्न आहे काय?"

"नळ आलाय ना, माई," मंगल घाईत म्हणाली. "जायच्या आत भरून घेतलं."

"तो जात नाही."

"म्हंजी?"

"आहेच तो. चोवीस तास."

मंगलनं नळाकडे पाहिलं. मग त्या भरलेल्या भांड्यांकडे. मग तिनं एकेक भांडं उचलून पोफळींच्या बुडाशी ओतायला सुरुवात केली, पण कुकर मात्र तसाच ठेवला. असू द्यावा म्हणून.

माझी सकाळ अशी हलकी नव्हती. रात्रभर मी समुद्र ऐकला होता. तो थांबत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे दिवसाचा आवाज संपतो आणि रात्रीचा सुरू होतो, मध्ये थोडी शांतता असते. इथं कुणीतरी मोठं जनावर अंधारात सतत श्वास घेत होतं. शिवाय सगळं ओलं. काड्यापेटी पेटेना, मीठ पाझरलेलं, पापड आडवा धरला तर लोंबला. लाकडांच्या खोपीत जाऊन मी एक फाटी हातात घेतली. जड होती. निवृत्तीअण्णा खोटं बोलले नव्हते.

मनाला उभारी यावी म्हणून बाजारात गेलो. चहाचं हॉटेल शोधलं. चारपाच माणसं बाकावर बसलेली. मी ओळख करून दिली, हवेबद्दल बोललो आणि मग माझा हुकमी किस्सा काढला: शाळा तपासायला आलेले साहेब वर्गात शिरतात तर त्यांच्या खुर्चीत आमच्या शिपायाचं बोकड बसलेलं असतं, आणि उठवल्यावर ते साहेबांच्याच मागून जीपमध्ये जाऊन बसतं. धारूर, केज, वडवणी, हा किस्सा कुठंही पडलेला नाही. बोकडाचा चेहरासुद्धा मी करून दाखवतो. दाखवला.

ते ऐकत होते. मन लावून ऐकत होते. किस्सा संपला.

"मग?" एकानं विचारलं.

"मग काही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि उठून गेला. दुसरा म्हणाला, "बोकड कुणाचं म्हणालात?" आणि मी सांगितल्यावर त्यानंही मान हलवली. वाईट लोक नव्हते. त्यांच्यातल्या एकानं माझ्या चहाचे पैसेही दिले. पण परत येताना त्या सगळ्या रस्त्यावर एकानंही मला हाक मारली नाही. मी मुद्दाम हळू चाललो. घर दहा मिनिटांत आलं.

समुद्राची भीती मी कुणाला सांगू शकलो असतो, लोक तिच्यावर हसले तरी असते. ही दुसरी भीती सांगता येण्यासारखी नव्हती. इथं मी मेलो तर माई शिरीषरावांना फोन करतील आणि म्हणतील, "ते बीडचे गेले." बस. आणि मी आधी गेलो तर ठीक. मंगल आधी गेली तर मी त्या घरात, त्या श्वासासोबत, कुणाशी बोलणार?

संध्याकाळी मंगलला म्हणालो, "माणसं अबोल आहेत इथली."

"चांगलं हाय की," ती म्हणाली. "कानाला आराम."

तिसऱ्या दिवशी सकाळी

गोधड्या ओल्या झाल्या होत्या. पाऊस नव्हता, हवेनंच झाल्या. माईंच्या अंगणात ऊन नाही, वर नारळ-पोफळींचं छप्पर. मंगलनं गडग्यावरून पलीकडे पाहिलं तर खाडी रिकामी पडलेली. पाणी ओसरून गेलेलं, मधोमध वाळूचा मोठा स्वच्छ उंचवटा, त्यावर भरपूर ऊन. काठाच्या नि उंचवट्याच्या मध्ये घोट्याइतकं पाणी असलेली एक पन्हळ.

आता तिच्या जागी आमच्याकडची कुणीही बाई असती तरी तिनं तेच केलं असतं. आमच्याकडे तलावाचं पाणी हटलं की ती जमीन मोकळी झाली. लोक तिथं काकड्या, टरबुजं लावतात, शेरडं बांधतात, धान्य वाळत घालतात. त्याला गाळपेरा म्हणतात. हटलेलं पाणी परत यायचं ते पुढच्या पावसाळ्यात, आलंच तर. पाणी सकाळी जातं आणि जेवायच्या वेळेला परत येतं, हे पुस्तकात वाचलेलं असलं तरी अंगाला ठाऊक नसतं. मंगलनं गोधड्या डोक्यावर घेतल्या, पन्हळ ओलांडली, उंचवट्यावर त्या पसरल्या आणि शेजारी शेंगा फोडत बसली.

मी बाजारातून आलो तेव्हा गडग्यावरून ती मला दिसली. ते दृश्य सुंदर होतं हे कबूल केलं पाहिजे. पिवळी वाळू, त्यावर तांबड्या-हिरव्या चौकटींच्या तीन गोधड्या आणि एक बाई मजेत बसलेली. मला वाटलं, हिला इथं शोभतंय. पुढच्या क्षणी माझं लक्ष पन्हळीकडे गेलं. पाण्यावर नारळाची एक झावळी तरंगत होती आणि ती समुद्राकडून गावाकडे चालली होती. पाणी उलटं चाललं होतं. आमच्याकडे कुठलीही नदी, कितीही भरली तरी, उलटी चालत नाही.

"मंगल, उठ. इकडं ये."

माझा आवाज तिच्यापर्यंत नीट गेला. तिनं हात हलवला. तिला वाटलं, मी नेहमीसारखं काहीतरी करून दाखवतोय. एवढ्या वर्षांत मी इतक्या वेळा ओरडून दाखवलंय की खरं ओरडणं तिला ओळखू येईना.

माई गडग्याशी आल्या. एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"तिथं कशाला गेली ती?"

"गोधड्या वाळत घालायला."

"खाडीत?" माईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि लगेच खाली घेतला. "पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मग आत्ताच जा, मांडीइतकं आहे तोवर. सरळ जाऊ नका, चिखलात रुताल. तो खुंट दिसतोय ना, त्या रोखानं जा. मी पांडूला होडी घेऊन धाडते, पण तो यायला वेळ लागेल."

मला आठवतंय की मी चप्पल काढून गडग्यावर नीट जोडून ठेवली. का, ते सांगता येणार नाही. मग पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं, आणि ते मला ढकलत होतं, एखाद्या रांगेत मागचा माणूस न बोलता ढकलतो तसं. मी खुंटाकडे बघत होतो. खाली पाहिलं नाही. तोंडानं मी सारखा बोलत होतो, पण काय बोलत होतो ते मंगलनं नंतर सांगितलं. मी लग्नातल्यासारखी नावं पुकारत होतो. देवांची नाही, गावातल्या माणसांची. इस्माईलभाई, निवृत्तीअण्णा, आमचे हेडमास्तर.

मी जवळ आल्यावर मंगलनं माझी ओली विजार पाहिली, मागं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं ती घाबरेल. ती गोधड्या गोळा करायला लागली.

"राहू दे त्या."

"आईच्या लुगड्याच्या हायेत."

"मंगल, पाणी येतंय."

"दिसतंय मला. हाताला हात लावा, उगं बोलत बसू नका."

तिनं तिन्हींचं गाठोडं केलं, डोक्यावर ठेवलं आणि चालायला लागली. आता पाणी माझ्या कमरेला आणि तिच्या छातीला होतं. मी पाऊल उचललं की प्रवाह ते पाऊल घेऊन जायचा. दोनदा मी तिच्यावर आदळलो.

"पाय उचलू नका, घासत टाका," ती म्हणाली. मान सरळ, नजर समोर. "तळ्याच्या चिखलातनं हंडं आनल्यात म्या. पदर धरा माजा."

मी पदर धरला. भर सकाळी, अख्ख्या खाडीसमोर, सत्तावन्न वर्षांचा मास्तर बायकोच्या पदराला धरून चालला होता, आणि मला त्या क्षणी जगातली एकच गोष्ट पाहिजे होती, की पदर फाटू नये.

पांडू होडी घेऊन पोहोचला तेव्हा काठ अगदी जवळ आला होता. मध्यम वयाचा, तोंडात विडी. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बसता, की चालतच जाता?"

"कशाला, आलोच की," मंगल म्हणाली आणि चालत गेली.

मी होडीत चढलो. पाणी गुडघ्याइतकंच उरलं होतं, तरी चढलो. पांडूनं मला शेवटचे चार हात वल्हवत नेलं आणि विडी न काढता म्हणाला, "संभाळून उतरा." त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

मी गडग्यावर टेकलो. माईंनी आल्याचा चहा दिला. मी आणि मंगल बसलो होतो तिथून दिसत होतं, उंचवटा हळूहळू गेला. बारीक झाला, रेघ झाला, मग नव्हताच. सगळं सपाट पाणी. तिथं थोड्या वेळापूर्वी माझी बायको शेंगा फोडत बसली होती.

मी मंगलकडे पाहिलं. केस ओले, कपाळावर मीठ. आणि तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातही नाही. तिथं तर ती रडत होती.

"आपून आलं बघा," ती हळूच म्हणाली. "कुणी बोलावलं न्हाई, रांग लावली न्हाई. म्या बसल्या जागी पानी माज्याकडं आलं."

त्या क्षणी मला समुद्रापेक्षा तिची जास्त भीती वाटली. ही आता परत येणार नाही, हे मला दिसलं.

माई एवढंच म्हणाल्या, "रोज दोनदा येतं ते. दर वेळी भेटायला आत जायला पाहिजे असं नाही."

पुन्हा धारूर

घाट चढून बस वर आली, वाळलेल्या गवताचा आणि धुळीचा वास आला, आणि माझे खांदे सैल झाले. पठारावर लांबपर्यंत नुसती जमीन होती. तिच्यातला कुठलाही तुकडा संध्याकाळपर्यंत नाहीसा होणार नव्हता.

इस्माईलभाईंच्या हॉटेलात त्या दिवशी जागा पुरली नाही. मी खाडी केली, झावळी केली, पांडूची विडी केली. पदर धरून चाललेला मास्तर मी दोनदा करून दाखवला. लोक डोळे पुसत होते. बाहेरून जाणारा एकजण सायकल लावून आत आला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाला. मी पहिल्यापासून सांगितलं. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेत होतो.

"मंग, जानार का सर?" निवृत्तीअण्णांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. इतके लोक बघत असताना मला काही सुचलं नाही, असं पूर्वी झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू."

घरी आलो. मंगल भाकरी करत होती. परातीकडे बघतच म्हणाली, "हॉटेलात हसन्याचा आवाज हितपोत येत व्हता."

"हो. रंगलं जरा."

"मी इचार केला." तिनं पिठाला हात लावला. "तुमी नका येऊ. म्या बघितलं ना पान्यात, तुमचे दात वाजत व्हते. अन् भीती पान्याचीच न्हाई तुमाला, त्ये बी मला कळतं. तितल्या हॉटेलातनं आलात तवाच कळलं. ह्या लोकांचं तुमच्याबिगर चालंल. तुमचं ह्यांच्याबिगर न्हाई चालायचं. तुमी हितं ऱ्हावा. मी राग धरनार न्हाई."

हेच तर मला पाहिजे होतं. मी मनात कित्येक दिवस हे वाक्य तिच्या तोंडी घालून बघत होतो. आता तिनं ते खरंच म्हटलं, प्रेमानं म्हटलं, आणि मला पाण्यातल्यापेक्षा जास्त धडकी भरली. मी पुढच्या खोलीत येऊन बसलो. रस्त्यावरून कुणीतरी "काय सर" म्हणून हाक मारली. मी उत्तर दिलं की नाही, आठवत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. माई होत्या.

"पोहोचलात ना? बरं. घर विचारायला पुण्याची माणसं आली होती. मी म्हटलं, आधी तुमचं काय ते कळू दे. मंगलताई येणार, ते त्या निघताना मला सांगून गेल्यात."

ते मला ठाऊक नव्हतं.

"मला एवढंच पाहिजे," माई म्हणाल्या, "कोण कोण येणार? एकटी बाई असली तर माझ्याच घरात खोली देईन, मागच्या घरात एकटीला नको. दोघं असाल तर ते घर उघडते, मे महिन्याच्या आत कौलं चाळून घेते. सर, ऐकताय ना?"

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मला ती ओली फाटी आठवली, तो बाक, तो "बरं" म्हणून उठून गेलेला माणूस, आणि जागच्या जागी नाहीसा झालेला तो उंचवटा. यातलं काहीही कमी भीतीदायक झालेलं नव्हतं. आजही नाही.

"दोघं," मी म्हणालो.

"काय? नीट ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला."

"दोघं," मी मोठ्यानं म्हणालो. "दोघं येतोय, माई."

मग भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.